डोंबिवलीतलं रेमेडियल सेंटर: शाळेतल्या बाईंना सोबत घेऊन काम करणारं (पालकाचा रिव्ह्यू)

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

वाचा-लिहायला अडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या या सेंटरचं नाव मी इथे टाकत नाहीये, कारण तिथल्या ताईंनीच तशी विनंती केली आहे. शिकवणाऱ्या दोघीच आहेत, वेटिंग लिस्ट आधीच मोठी आहे आणि घाईघाईने मुलं भरायची नाहीत असं त्यांनी ठरवलंय. डोंबिवली पूर्वेला आहे, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा, नंबर देईन. तरी एवढं लांबलचक लिहितेय कारण अशी सेंटर्स आता सगळीकडे निघालीत आणि निवडताना आपण फी, अंतर, टाइमिंग एवढंच बघतो. माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारायची, तुम्ही आमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेशी बोलणार का? हो म्हणाले तर कधी, कसं, कोणासमोर. या सेंटरचं सगळं काम त्याच पायावर उभं आहे आणि आमच्या मुलाला फरक पडला तो त्यामुळेच.

थोडं मागचं सांगते. मुलगा गेल्या वर्षी चौथीत होता, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. तोंडी एकदम तयार. चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये शिवछत्रपतींचा इतिहास असतो, तो याला अख्खा येतो, प्रतापगड १६५९, आग्र्याहून सुटका १६६६, सिंहगड १६७०, सालासकट आणि कोण कुठे उभं होतं ते हातवारे करून सांगतो. आणि पेपरात त्याच प्रश्नाला दोन ओळी, त्यातही प्रतापगडचा परतापगड. घ चा ध, भ चा म, मात्रा कुठेही, जोडाक्षर आलं की तो शब्दच गाळून पुढे जायचा. वहीत शेरे यायचे 'लक्ष देत नाही', 'घरी सराव घ्यावा'. घरी सराव म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत रडारड, शेवटी आजी मध्ये पडायची आणि म्हणायची पुरे करा आता, जेवू दे लेकराला. यांचं म्हणणं, मीही लहानपणी असाच होतो, मोठा झाला की आपोआप येईल. मला तसं वाटत नव्हतं.

त्याआधी आम्ही एका खाजगी क्लिनिकमध्ये टेस्ट करून घेतली होती, तिथे बरेच पैसे गेले आणि हातात जाडजूड इंग्रजी रिपोर्ट मिळाला ज्यात आकडे, तक्ते आणि शेवटी 'रेमेडिएशन रेकमेंडेड', म्हणजे याला वेगळ्या पद्धतीने शिकवा. तो रिपोर्ट मी शाळेत नेऊन दिला तर ऑफिसने फाइलला लावला आणि विषय संपला. कोणीच वाईट वागलं नाही, पण कोणी कोणाशी बोललंही नाही. माझी खरी तक्रार हीच की पालक एकीकडे, शाळा एकीकडे, टेस्ट करणारे तिसरीकडे, आणि मधे नऊ वर्षांचं पोर सगळ्यांचं ओझं घेऊन फिरतंय.

आता सेंटरबद्दल.

पहिल्या फोनवरच ताईंनी विचारलं वर्गशिक्षिका कोण आहेत, त्यांच्याशी तुमचं बोलणं कसं आहे, शेवटचं कधी बोललात. म्हटलं ओपन हाउसला, पाच मिनिटं, मागे लाइन होती. त्या म्हणाल्या आमची एक अट आहे, ॲडमिशन घेताना शाळेशी बोलायची लेखी परवानगी तुम्ही द्यायची, शाळेला कळू द्यायचं नसेल तर आम्ही घेत नाही. मला जरा धक्काच बसला कारण आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी शाळेपासून लपवूनच असे क्लास लावलेत, पोरावर शिक्का बसेल म्हणून. ही भीती खोटी नाही, मी समजू शकते. पण ताईंचं म्हणणं असं की आठवड्यातले दोन तास तो माझ्याकडे असतो आणि तीस तास वर्गात, मी शिकवलेलं वर्गात रोज पुसलं जाणार असेल तर तुमच्याकडून पैसे घेणं मला पटत नाही.

तपासणी मराठीतून झाली, हे फार महत्त्वाचं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचा-लिहायला अडणं) ठरवायचा यात काही अर्थ नाही. आपल्याकडे 'डाली' नावाचं साधन आहे, हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे त्यांनी तयार केलंय, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, त्यात शिक्षकांनी वर्गात भरायच्या सोप्या चाचण्यापण आहेत, पहिली-दुसरीसाठी वेगळ्या आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळ्या. ताईंनी त्याचा वापर केला आणि शिक्षकांचा भाग बाईंकडूनच भरून घेतला, आम्हाला विचारून अंदाजे नाही भरला. शिवाय शाळेच्या वह्या मागितल्या. वहीत त्यांना काय दिसलं तर फळ्यावरून उतरवलेल्या पहिल्या पाच-सहा ओळी बऱ्यापैकी बरोबर आणि मग एकदम कोसळतं, अक्षर मोठं होतं, ओळ सुटते. म्हणजे दमतो. आळस असता तर पहिल्या ओळीपासूनच दिसला असता असं त्या म्हणाल्या, आणि त्या वेळी माझे मिस्टर पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते.

रिपोर्ट मराठीत, चार पानांचा, आजीलापण वाचून कळेल असा. आणि त्यासोबत एक वेगळं पान फक्त वर्गशिक्षिकेसाठी. त्यावर वरच्या अर्ध्या भागात मुलाला काय काय चांगलं येतं, खालच्या अर्ध्यात कुठे अडतो आणि वर्गात करता येतील अशा मोजून तीन गोष्टी. तीनच का, म्हटलं, यादी तर मोठी होईल. ताई म्हणाल्या बाईंच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत, दहा गोष्टी लिहिल्या तर एकही होणार नाही.

ते पान शाळेत द्यायच्या आधी ताईंनी ते मुलाला वाचून दाखवलं आणि विचारलं यातलं बाईंना काय सांगू, काय नको. मी बाहेर बसले होते. त्याने सांगितलं की मला एकदम उठवून मोठ्याने वाचायला लावू नका असं सांगा, पण ते सगळ्यांच्या समोर सांगू नका. हे तो आम्हाला कधीच बोलला नव्हता. त्याच्याशी न बोलता सगळं ठरवून टाकणारी माणसं खूप भेटलीत आम्हाला, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देते.

मग शाळेत मीटिंग. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, वर्गातच, त्या छोट्या बाकांवर, बाई, ताई, मी आणि हे. खरं सांगायचं तर बाई सुरुवातीला सावध होत्या आणि त्यांची बाजू मला तेव्हाच कळत होती, कारण बाहेरचं कोणीतरी येऊन तुमच्या शिकवण्यातल्या चुका दाखवणार असं कोणालाही वाटेल, त्यात शिकवण्याच्या वरती पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. बाई म्हणाल्याच, एवढ्या पोरांत एकट्याकडे किती बघणार हो मी. ताईंनी त्यावर काही वाद घातला नाही, पान पुढे केलं नाही, फक्त विचारलं की हा तुम्हाला वर्गात सगळ्यात खूश कधी दिसतो?

आणि बाई बोलायला लागल्या. म्हणाल्या नकाशा भिंतीवर लावला की पहिला हा पुढे येतो, नद्या सगळ्यात आधी यानेच ओळखल्या, वह्या वाटायचं काम याला आवडतं, दुसऱ्याचं गणित अडलं की तोंडी समजावून सांगतो. आणि शेवटच्या दोन तासिकांना मात्र हरवल्यासारखा बसतो, मला वाटायचं घरी उशिरा झोपतो. आम्ही सांगितलं उशिराच झोपतो, कारण गृहपाठाला दीड-दीड तास लागतो. बाई बघतच राहिल्या. त्यांना वाटत होतं घरी कोणी घेऊन बसत नाही म्हणून गृहपाठ अर्धवट येतो, आणि आम्हाला वाटत होतं शाळेत कोणी लक्ष देत नाही म्हणून घरी एवढा वेळ लागतो. दोन वर्षं आम्ही एकमेकांबद्दल हेच धरून चाललो होतो आणि अर्ध्या तासात ते मोकळं झालं.

पुढचं बरंचसं बाईंनीच सुचवलं, ताईंनी फक्त लिहून घेतलं. सगळ्यात कामाची गोष्ट बाईंच्या तोंडून आली, ती सगळ्या पालकांनी लक्षात ठेवावी म्हणून नीट लिहिते. आपल्याकडे २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्षभराचं आकारिक आणि सत्राच्या शेवटचं संकलित असे दोन भाग. तिसरी-चौथीला आकारिक ६० टक्के आणि संकलित ४० टक्के. आणि आकारिकची जी साधनं दिलीत त्यात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे, एकटी लेखी चाचणी नाही. म्हणजे मुलाला जे येतं ते तोंडी विचारून मार्क द्यायला बाईंना कोणाची स्पेशल परवानगी, कुठलं सर्टिफिकेट काहीच लागत नाही, ती सोय नियमातच आहे. बाई म्हणाल्या इतिहासाचं मी याचं तोंडीच घेते आणि फक्त याचंच कशाला, आणखी पाच-सहा जण आहेत त्यांचंही घेते. मला त्या क्षणी बाईंचे पाय धरावेसे वाटले.

आणखी ठरलं ते असं. वर्गात वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगायचा म्हणजे तो घरून वाचून येईल. श्रुतलेखनाचे शब्द निम्मे. लाल पेनाने एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक दाखवायची, म्हणजे या आठवड्यात फक्त जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नाही, उरलेलं शेजारच्याच्या वहीतून घरी फोटो काढून. आणि घरी गृहपाठ अर्धाच तास, घड्याळ लावून, जिथे थांबला तिथे आम्ही रेघ मारून सही करायची आणि बाईंनी ती रेघ मान्य करायची. या एका रेघेने आमच्या घरातल्या संध्याकाळी बदलल्या. पहिल्या आठवड्यात तो मला सारखा विचारायचा, बाई ओरडणार नाहीत ना नक्की? नाही ओरडल्या.

जोडीवाचनाची कल्पनापण बाईंचीच, पण ती त्यांनी अख्ख्या वर्गाला लावली, एक वाचणारा एक बोट ठेवणारा, त्यामुळे आमचा वेगळा काढलाय असं कुठे दिसलंच नाही.

वही. सेंटरची म्हणून एक साधी दोनशे पानी वही असते, ती दप्तरातून शाळा, घर, सेंटर अशी फिरते. नियम एकच की प्रत्येकाने आठवड्याला एक-दोन ओळी लिहायच्या आणि त्यात निदान एक जमलेली गोष्ट असलीच पाहिजे. तक्रार लिहायला ही वही नाही, तक्रार असेल तर फोन करायचा, कारण वही मुलगा उघडून वाचतो. हे किती बारीक आहे बघा. शाळेची डायरी आपल्या सगळ्यांकडे असते पण डायरी घरी आली की पोटात गोळा येतो, ही वही तो स्वतःहून काढून दाखवायचा. मधे परीक्षा आणि इतर ड्युटीमुळे बाईंचं लिहिणं थांबलं तर ताईंनी चिडचिड केली नाही, बाईंना म्हणाल्या लिहू नका, व्हॉट्सॲपवर वीस सेकंद बोलून पाठवा, मी लिहून घेते. तेव्हापासून तसंच चालू राहिलं. बाई रिक्षात बसल्यावर बोलायच्या, मागून हॉर्न ऐकू यायचे.

शिकवण्याची पद्धतपण सांगायला हवी, कारण बरेच जण विचारतात तिथे नेमकं करतात काय. बाराखडी घोकून घेत नाहीत. अक्षरांचे गट करतात, वाळूच्या ट्रेमध्ये बोटाने गिरवणं, शब्दाचे तुकडे टाळी वाजवत पाडणं, मात्रेला वेगळा रंग, ओळीखाली पट्टी, हे सगळं. मला सगळ्यात आवडलं ते लोकलच्या स्टेशनांचं. आमचा लेक ट्रेनवेडा आहे हे बाईंच्या आणि आमच्या बोलण्यातून ताईंना कळलं होतं. मराठीत र हा जोडाक्षरात सगळ्यात जास्त छळतो, कधी डोक्यावर रफार, कधी पायात तिरकी रेघ, कधी ट ला खाली टोपी घातल्यासारखा. ताईंनी सेंट्रल लाइनच काढली. ठाकुर्ली, कुर्ला, कांजूरमार्ग हा रफारवाल्यांचा एक डबा. मुंब्रा आणि विक्रोळी दुसरा डबा. ट्रेन हा शब्द स्वतःच तिसरा डबा. विद्याविहार वेगळा, कारण तिथे द आणि य चिकटून बसलेत. आधी कार्डावर, मग वाळूत, मग खरंच रविवारी ठाण्यापर्यंत स्लो ट्रेनने जायचं आणि प्रत्येक फलाटावरची पाटी वाचायची, हा आमचा होमवर्क, बाबांनी न्यायचं असं खास लिहून दिलं होतं. दोघं खिडकीशी बसून पाट्या वाचत गेले आणि 'मुंब्रा' त्याने एका दमात वाचलं. त्यातला अनुस्वार आणि ब्र दोन्ही, चुकला नाही.

ते वहीत लिहिलं तर बाईंनी पुढच्या आठवड्यात वर्गात फळ्याशेजारी कल्याण ते कुर्ला सगळी स्टेशनं मोठ्या अक्षरात लावली आणि सगळ्या वर्गाचा जोडाक्षरांचा पाठ त्यावरून घेतला. ट्रेनची माहिती आमच्याच पोराला सगळ्यात जास्त, म्हणून तो पुढे उभा राहून सांगत होता फास्ट कुठे थांबते, स्लो कुठे. सेंटरमधली गोष्ट वर्गात गेली, वर्गातली घरी आली, हे एकटे आईबाप, एकट्या बाई किंवा एकट्या ताईंकडून झालंच नसतं. मी आजवर कुठल्याच क्लासमध्ये असं घडताना बघितलं नाही.

या त्रासाच्या सरकारी सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॲबिलिटी येते, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकत होतं आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासावं लागत होतं. खाजगी रिपोर्ट शाळेत समजून घ्यायला चालतो पण बोर्डाच्या सवलतींना सरकारने ठरवलेल्या हॉस्पिटलचंच लागतं, मुंबईत सायन, नायर, केईएम इथे हे काम होतं. तिथे गर्दी असते, एका दिवसात होत नाही, डोळे-कान तपासणी, बुद्ध्यांक, मग शैक्षणिक चाचणी अशा फेऱ्या असतात आणि शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं, वह्या मागतात. म्हणजे तिथेही शाळेशी बोलणं असेल तरच काम पटकन होतं. दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती त्यावर मिळतात. ताई त्याची घाई करत नाहीत पण वेळेवर आठवण करतात, आणि आमचं शाळेचं पत्र बाईंनी स्वतः मजकूर लिहून मुख्याध्यापकांची सही घेऊन दिलं.

अजून एक, शाळेत बोलायला गेलो तर बाईंना त्रास देतोय असं वाटून बरेच पालक जातच नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकांच्या कामातच लिहिलंय की पालकांशी नियमित बैठका घ्यायच्या आणि हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची. अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यातपण तीन चतुर्थांश पालक असावेत असा नियम. तेव्हा संकोच नको. फक्त वेळ मागून जा, वर्ग चालू असताना दारात उभे राहू नका, आणि मोबाइलवर रात्री दहाला मेसेज टाकू नका. शिक्षकांनाही घर आहे.

आता अर्धा स्टार का कापला. पहिलं म्हणजे फी. एका सेशनचे सातशे, आठवड्याला दोन, शिवाय शाळेतल्या मीटिंगचे वेगळे. मीटिंगला ताईंचा अर्धा दिवस जातो त्यामुळे घेतात ते योग्यच आहे, पण रिक्षा चालवणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या आईबापांनी काय करायचं, त्यांच्याही मुलांना हाच त्रास असतो. दोन मुलांना त्या बिनफीचं शिकवतात हे मला माहीत आहे, पण हे दोघींच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाही, प्रत्येक शाळेत एक तरी विशेष शिक्षक पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दुसरं, जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आजी-आजोबा सोडायला येतात त्यांचे हाल होतात. तिसरं, गणित. भाषेत त्या फार तयार आहेत, पण ज्या मुलाला फक्त आकड्यांचाच त्रास आहे त्यांना त्या स्वतःच दुसरीकडे पाठवतात, हा प्रामाणिकपणा आवडला तरी ती सोय तिथे नाही हे लक्षात ठेवा. ऑनलाइन सेशन पावसाळ्यात लोकल बंद पडल्या तेव्हा घेतले, ते मला जमले असं वाटलं नाही, वाळूचा ट्रे स्क्रीनवर कसा येणार. आणि सेशन त्याच दिवशी कॅन्सल केला तर पैसे जातात, ताप आला तरी. याचा विचार करावा त्यांनी.

निकाल काय म्हणाल तर पोरगं एकदम पहिलं आलं वगैरे काही नाही, आणि असं आश्वासन देणारं सेंटर दिसलं तर तिथून निघून या. वाचन अजून हळू आहे, ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतातच. पण दुसऱ्या सत्रात पेपर कोरा ठेवला नाही, प्रत्येक प्रश्नाला काही ना काही लिहिलं, आणि प्रतापगड बरोबर लिहिला. सकाळी पोटात दुखायचं ते बंद झालं. माझ्यासाठी हे पुरेसं मोठं आहे.

पाचवीचं सांगायचं राहिलं. पाचवीला शिक्षक बदलतात, प्रत्येक विषयाला वेगळे सर-बाई, शिवाय आता पाचवीला वार्षिक परीक्षा असते आणि त्यात कमी पडलं तर पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे मला धास्ती होती की सगळं पहिल्यापासून. एप्रिलमध्येच ताईंनी चौथीच्या बाई आणि पाचवीचे वर्गशिक्षक सर यांना एकत्र बसवलं. बाईंनी स्वतःच्या हाताने नवीन पान लिहून दिलं, ताईंचं पान वापरलंच नाही, आणि ते जास्त चांगलं होतं, कारण वर्षभर रोज बघितलेलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात सरांनी याला नकाशे लावायचं काम दिलं. इंग्रजीच्या बाईंशी अजून बसायचंय, त्यांची वेळ मिळाली नाहीये, सर मधे पडून ठरवतायत.

कोणी जावं? दुसरी ते सहावीतलं मूल, वाचा-लिहायचा त्रास, आणि आईबाप दोघंही महिन्यातून एकदा वेळ काढायला तयार असतील तर नक्की. फक्त मुलाला सोडून बाहेर मोबाइल बघत बसायचं असेल तर तिथे जमणार नाही, त्या आत बोलावतात. बाबांनाही बोलावतात, आणि एकटी आई सारखी येत असेल तर विचारतात बाबा कधी येणार. जाताना मागच्या वर्षीच्या वह्या घेऊन जा, घरी बसवून पुन्हा सुवाच्य लिहून घेतलेल्या नकोत, खाडाखोड असलेल्या वर्गातल्याच न्या.